गरम इंजिन, सहा पाउंड

17 डिसेंबर 2023, रविवार. ओंकारेश्वरहून इंदूरला परत येत होतो. मागच्या सीटवर आई आणि मावशी, दोघींच्या मध्ये प्रसादाची पिशवी. गाडी आमची 1984 ची अँबेसेडर, मार्क फोर, 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन. भेरूघाट चढून सिमरोळ मागे टाकेपर्यंत सगळं ठीक होतं. तेजाजीनगरच्या चौकात सिग्नलला थांबलो, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला. जरा रेस केली की जायचा, सोडली की यायचा.

आई मागून म्हणाली, "पेट्रोल संपलं का रे?"

"नाही गं, काही नाही," मी म्हटलं आणि सिग्नल हिरवा होईपर्यंत रेस धरून बसलो. सुदामानगरला घरी पोचेपर्यंत आणखी चार सिग्नल लागले. चारही ठिकाणी हेच.

त्या रात्रीपासून मे महिन्यापर्यंत काय काय झालं ते लिहून ठेवतो आहे. कारण मी स्वतः जेव्हा शोधत होतो तेव्हा जो तो एकच सांगायचा, ऑइल पंप बदला. पंप आम्ही बदलला नाही. तिथपर्यंत पोचायला मला चार महिने लागले आणि त्यातला एक महिना निव्वळ माझ्या आळसामुळे गेला.

दुसऱ्याच दिवशी जवळच्या एका गॅरेजला गाडी नेली. त्यांनी ऑइल मोजायची पट्टी बघितली, म्हणाले ऑइल भरपूर आहे. मग एक घट्ट, मधासारखं दिसणारं ॲडिटिव्ह ओतलं, संध्याकाळी गाडी परत दिली. 1,850 रुपये. "पुरानी गाड़ी है भिया, इतना तो चलता है." दिवा बंद झाला होता. मी खूश. पुढचे तीन आठवडे गाडी नेहमीसारखी वापरली, दोनदा महूला जाऊन आलो.

7 जानेवारीला सकाळी किल्ली फिरवली आणि सहज लक्षात आलं की इग्निशन चालू केल्यावर, इंजिन सुरू व्हायच्या आधी, जो दिवा लागायला हवा तो लागतच नाहीये. बॅटरीचा लागतो, ऑइलचा नाही. बॉनेट उघडून पाहिलं तर प्रेशर स्विचची वायर काढून, तिच्या टोकाला काळी टेप गुंडाळून, नीट बाजूला बांधून ठेवली होती. इतक्या निगुतीने की राग यायच्या आधी कौतुकच वाटलं. राग नंतर आला, आणि त्यातला अर्धा स्वतःवर. गाडी गॅरेजमधून आणल्यावर किल्ली फिरवून दिवा लागतो का हे बघायला दोन सेकंद लागतात. मी ते वीस दिवस बघितलं नाही. जुनी गाडी असलेल्या प्रत्येकाने एवढं तरी रोज करावं: किल्ली फिरवा, दिवा दिसला पाहिजे, इंजिन सुरू झाल्यावर गेला पाहिजे.

आमच्या डॅशबोर्डाखाली बाबांनी कधीकाळी बसवून घेतलेलं एक वेगळं प्रेशर गेजही आहे. त्याचा काटा गाडी बंद असतानाही चाळीसवर असतो. त्यामुळे त्याच्याकडे कुणी बघत नाही.

संक्रांतीला तिळगूळ द्यायला लोकमान्यनगरला काकांकडे गेलो. सख्खे काका नव्हेत, बाबांचे मित्र. मध्य प्रदेश रोडवेजच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होते. 2005 मध्ये रोडवेजच बंद झाली, पण त्यांच्या हाताला अजून डिझेलचा वास येतो असं काकू म्हणतात. मी सगळी कहाणी सांगितली. शेवटी विचारलं, "पंप कुठे मिळेल?"

"पंप कशाला पाहिजे तुला?"

"प्रेशर कमी आहे म्हणून."

"किती कमी आहे?"

मला सांगता येईना. दिवा लुकलुकतो एवढंच माहीत.

"मग आधी माप. दिवा म्हणजे काय, दहा पाउंडाच्या खाली कुठेतरी लागणारा एक स्विच. तो स्विच खराब असला तरी दिवा लागतो, वायर बॉडीला टेकली तरी लागतो. आकडा पाहिजे."

आमच्याकडे सगळे पाउंडच म्हणतात. पुस्तकात ते पीएसआय, म्हणजे एका चौरस इंचावर किती पाउंड. या लेखातही मी पाउंडच लिहितो आहे.

त्या दिवशी काकांनी जे समजावलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर माझे पैसे वाचले असते. पंप प्रेशर बनवत नाही, पंप फक्त ऑइल ढकलतो. प्रेशर होतं ते पुढच्या अडवणुकीमुळे, म्हणजे क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा दांडा) आणि तो ज्यात फिरतो ते बेअरिंग यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीतून ऑइलला वाट काढावी लागते म्हणून. "तुझ्या घरी नर्मदेचं पाणी येतं ना? खालच्या मजल्याचे सगळे नळ उघडे असले तर वर काय येतं? करंगळीएवढी धार. म्हणून काय जलूदच्या पंपघरातली मोटर बदलायला निघशील?" फटी रुंद झाल्या की प्रेशर पडतं. ऑइल पातळ झालं तरी पडतं, कारण त्याच फटीतून ते जास्त पळतं. इंजिन गरम झालं की ऑइल पातळ होतं, म्हणून रोग नेहमी गरम इंजिनात, कमी आरपीएमवर दिसतो. थंड इंजिनाचा आकडा बघून कुणी "सब बढ़िया" म्हणालं तर ऐकू नका.

आणि काकांचा नियम: स्वस्त ते महाग या क्रमाने जायचं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, प्रत्येक वेळी आकडा लिहायचा.

आकडा

छोट्या ग्वालटोलीत ऑटोपार्ट्सच्या दुकानांत फिरून शून्य ते शंभर पाउंडाचं साधं मेकॅनिकल गेज, दीड मीटर नायलॉनची नळी आणि ब्लॉकला बसणारं ॲडॅप्टर घेतलं. 700 रुपये. ॲडॅप्टरसाठी तीन दुकानं पालथी घातली, कारण या इंजिनाचे आटे इंग्रजी पद्धतीचे आहेत. टिप: प्रेशर स्विच काढून खिशात घेऊन जा आणि दुकानातच आटे जुळवून बघा. मी पहिल्यांदा मोबाइलमध्ये फोटो घेऊन गेलो होतो. फोटोला आटे बसवता येत नाहीत.

21 जानेवारीला स्विचच्या जागी गेज लावलं, नळी खिडकीतून आत घेतली आणि काका गेज मांडीवर घेऊन शेजारी बसले. अँबेसेडरला आरपीएमचा काटा नाही, म्हणून ठरवलं की चौथ्या गिअरमध्ये 50 च्या वेगाला एक आकडा घ्यायचा आणि उभ्या गाडीत रेस न देता दुसरा. राऊच्या रस्त्याने अर्धा तास चालवून इंजिन पूर्ण गरम केलं.

थंड इंजिन सुरू केल्याबरोबर 46. गरम, 50 च्या वेगाला 27. गरम, उभ्या गाडीत 6.

सहा. स्विच बिचारा खरंच बोलत होता.

चांगलं किती? या बी सिरीज इंजिनाला, म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डपासून हिंदुस्तान मोटर्सकडे आलेल्या इंजिनाला, चालत्या गाडीत पन्नासच्या आसपास आणि उभ्या गाडीत पंधरा तरी हवेत. पण त्याहून उपयोगी पडली ती ग्लोव्ह बॉक्समधली बाबांची खिशातली वही. पेट्रोल, किलोमीटर, पंक्चर, आणि अधूनमधून "ऑ.प्रे." त्यांचं गेज चालू होतं त्या काळातली. 2009 ची एक नोंद: महू, गरम, 50/20, म्हणजे चालत्या गाडीत 50, उभ्या गाडीत 20. म्हणजे याच गाडीचा, याच रस्त्यावरचा आकडा. पुस्तकापेक्षा हा जास्त भरवशाचा. तुमची गाडी आज ठणठणीत असेल तर आजच आकडा लिहून ठेवा. आजारी पडल्यावर ताप किती वाढला हे कळायला आधीचा माहीत लागतो.

पातळ ऑइल आणि बोटभर जास्त

पुढच्या रविवारी, 28 जानेवारीला, काकांनी पट्टी काढली, पुसली, पुन्हा घातली, काढली आणि मला नाकाजवळ धरायला लावली. पेट्रोल! इतका स्पष्ट वास की इतके दिवस मला कसा आला नाही याची लाज वाटली. आणि पातळी वरच्या खुणेच्याही बोटभर वर. "ऑइल भरपूर आहे" असं जे गॅरेजवाले म्हणाले ते खोटं नव्हतं. मात्र चाळीस वर्षांच्या इंजिनात ऑइल कमी न होता वाढतंय, हे चांगलं लक्षण कसं असेल हा प्रश्न त्यांनाही पडला नाही आणि मलाही.

पट्टीवरचा थेंब वर्तमानपत्रावर टाकला. मधला काळा ठिपका आणि भोवती फिकट, तेलकट वर्तुळ पसरत गेलं. पेट्रोल मिसळल्याचं आणखी एक लक्षण. कुणी काडी लावून बघा असं सुचवेल, तसलं काही करू नका.

या गाडीचा पेट्रोल पंप यांत्रिक आहे, कॅमशाफ्टच्या धक्क्याने चालतो. आत रबरी पडदा असतो. तो फाटला की पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जातं तसं थोडं थोडं खाली चेंबरमध्येही झिरपतं. चेंबर म्हणजे संप; आपल्याकडे कुठलाही मेकॅनिक त्याला चेंबरच म्हणतो. पंप उघडला तर पडद्याला नखाएवढी चीर. डायफ्रामचं किट 380 रुपये, बदलायला चाळीस मिनिटं.

ऑइल काढलं तर ते पाण्यासारखं धो धो आलं. कुठलं घातलं होतं याची पावती शोधली. मागच्या वर्षीच्या सर्व्हिसला मीच सांगितलं होतं, "सगळ्यात चांगलं घाला." त्यांनी महागडं, पूर्ण सिंथेटिक, पातळ ग्रेडचं 5डब्ल्यू-30 घातलं. नव्या गाडीला ते उत्तम, पण ज्या इंजिनाच्या फटी पन्नास-साठच्या दशकातल्या मापाच्या आणि त्यातही झिजलेल्या, त्याला घट्ट, 20डब्ल्यू-50 मिनरल हवं. त्यावर पेट्रोल, त्यावर ते मधासारखं ॲडिटिव्ह. नवं साडेचार लिटर ऑइल आणि फिल्टरचं एलिमेंट मिळून 2,100.

गरम आकडा: 34 आणि 11.

मला वाटलं झालं काम. दिवा लागत नव्हता, वायर जागेवर होती. बायको म्हणाली, "मग आता पुरे?" काकांनी वहीत आकडे लिहिले आणि म्हणाले, "पेट्रोल मिसळलेल्या ऑइलवर तू किती चालवलीस?" हिशेब केला. चीर कधी पडली कुणास ठाऊक, पण दिवा लागल्यानंतरच पाचशे किलोमीटर सहज झाले असतील. "बेअरिंगांनी ते सोसलंय. बघू."

4 फेब्रुवारीला रिलीफ व्हॉल्व्ह. ब्लॉकच्या डाव्या अंगाला मागे एक घुमटासारखा षटकोनी नट असतो. त्याच्या मागे स्प्रिंग आणि प्लंजर. प्रेशर फार वाढलं तर हा उघडतो आणि जादाचं ऑइल परत चेंबरमध्ये सोडतो. आमच्या प्लंजरच्या बसायच्या कडेवर एक खरवड होती आणि कुठल्याशा जुन्या गॅस्केटचा राळेसारखा कण चिकटलेला. साफ केलं, निळी शाई लावून बसक तपासली, बारीक पेस्टने घासली, नवी स्प्रिंग शेजारी उभी करून जुनीशी ताडून पाहिली. जुनी किंचित आखूड, म्हणून नवी घातली, 150 रुपये. स्प्रिंगखाली वॉशर घालून प्रेशर "वाढवायचा" सल्ला मला दोघांनी दिला होता. काका हसले. म्हणाले, त्याने थंड इंजिनाचा आकडा सुंदर दिसेल, बाकी काही नाही.

आता 39 आणि 11.

इथे मला पहिल्यांदा या सगळ्यातली गंमत कळली. वरचा आकडा पाचने सुधारला, खालचा जागचा हलला नाही. म्हणजे व्हॉल्व्ह गळत होता तो जोर वाढल्यावरच. उभ्या गाडीतला अकराचा आकडा वेगळ्याच कुणामुळे होता. उरले दोघंच: पंप किंवा बेअरिंग. दोन्ही चेंबरच्या आत.

चेंबर

माझ्या मागे आणखी एक घड्याळ लागलं होतं. गाडीची नोंदणी मे 1984 ची. पंधरा वर्षांनी 1999 ला पहिलं नूतनीकरण, मग दर पाच वर्षांनी. पुढची मुदत मे 2024. गाडी तपासणीला न्यावी लागते, आणि अर्ज मुदत संपायच्या फार तर साठ दिवस आधी करता येतो. फी तेव्हा 5,000 रुपये होती. उशीर झाला तर खासगी गाडीला दर महिन्याला 500 वेगळे. (ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी हीच फी 10,000 झाली, तेव्हा आता करणाऱ्यांनी तो आकडा धरावा.) विंटेजचा नियम पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना, आमची तेव्हा दहा वर्षं लहान. म्हणजे इंजिन उघडायचं तर आत्ताच, नाहीतर जूनवर ढकलायचं. मी ढकलायच्याच बेतात होतो. अकरा पाउंड काही वाईट नाही अशी मनाची समजूतही घातली होती.

18 फेब्रुवारीला छोट्या ग्वालटोलीतल्या एका उस्तादांच्या शेडमध्ये चेंबर उतरवला. उस्ताद काकांचे जुने ओळखीचे. मी गाडीखाली पाठीवर, तोंडावर टपटप. पंपाची जाळी अर्धी काळ्या चिखलाने बुजलेली. पंप काढून टेबलावर उघडला. यात एक आतला दातेरी रोटर आणि त्याभोवती फिरणारा दुसरा. फिलर गेजने, म्हणजे फटी मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, तीन ठिकाणी मापलं. रोटरची उभी ढील 3 थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग तीन वेळा, मर्यादा पाचाची. बाहेरच्या रोटरची बॉडीशी फट 7, मर्यादा दहाची. पंप पास.

मी तोवर 2,600 रुपयांना नवा पंप आणून ठेवला होता. हौस. काकांनी तोही उघडला आणि मापला. उभी ढील 7 थाऊ. नवा, पिशवीतला, न वापरलेला, आणि जुन्यापेक्षा वाईट. परत केला, दुकानदाराने कुरकुरत का होईना पैसे दिले. नवा पार्ट म्हणजे चांगला पार्ट हे मी त्या दिवसापासून मानत नाही.

मग दुसऱ्या सिलिंडरच्या कनेक्टिंग रॉडची (पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्याची) टोपी उघडली. ही घटका मला आठवते. बेअरिंगचं शेल हातात आलं, अर्धगोल, बांगडीच्या तुकड्यासारखं. ते सगळीकडे एकसारखं मंद राखाडी दिसायला हवं. आमच्या वरच्या शेलच्या मध्यावर, जिथे स्फोटाचा मार बसतो तिथे, राखाडी थर उडून खालचा तांबूस रंग उघडा पडला होता, रुपयाएवढा. उस्तादांनी नखाने चाचपलं आणि एकच शब्द बोलले, "गया." शेलच्या पाठीवर .010 असा शिक्का. म्हणजे क्रँक आधी एकदा दहा थाऊ घासलेला. बाबांच्या वहीत सापडलंच: 1999, नूतनीकरणाआधी, "क्रँक ग्रा., दहाचे बेअरिंग."

मायक्रोमीटर लावला. घासल्यानंतर जर्नलचा, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाचा, व्यास 1.866 इंच हवा. आमचा एका बाजूने 1.8652, नव्वद अंशांवर 1.8643. झिजलाय, शिवाय लंबगोल. नुसते नवे शेल घालून चार हजारात भागवा असा एक सूर निघाला, पण लंबगोल जर्नलवर गोल शेल घालून काय साधणार? इंजिन बाहेर काढायचं ठरलं.

मी विचारलं, मग पिस्टन, बोअर, सगळंच करून घ्यायचं का? काकांनी आधीच कॉम्प्रेशन मापून ठेवलं होतं, चारही सिलिंडर 115 ते 125 पाउंडांच्या मध्ये. "वर काही झालेलं नाही. नाही दुखत त्या दाताला हात लावू नकोस." कॅमशाफ्टची बुशंही ठीक होती. हे सगळं उघडलं असतं तर खर्च दुप्पट झाला असता.

वाट पाहणं

क्रँक पोलोग्राउंडजवळच्या एका ग्राइंडिंगवाल्याकडे 2 मार्चला दिला. मेन (क्रँक ब्लॉकमध्ये टेकतो ती जागा) आणि बिगेंड (कनेक्टिंग रॉड बसतो ती) दोन्ही विसाच्या, म्हणजे मूळपेक्षा 20 थाऊ कमी, मापावर. आठवड्यात देतो म्हणाले. मग शिवरात्र आली, मग होळी, मग रंगपंचमी. इंदूरला राहणाऱ्याला सांगायला नको: रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघेपर्यंत लेथवर माणूस सापडत नाही आणि निघाल्यानंतर दोन दिवस तो ओळखू येत नाही. 30 मार्चची रंगपंचमी झाली, 2 एप्रिलला क्रँक हातात आला. महिना पूर्ण. ग्राइंडिंग 2,600, विसाचे मेन आणि बिगेंड बेअरिंग 3,600, थ्रस्ट वॉशर 350.

या महिन्यात शेडच्या कोपऱ्यात रिकामं बॉनेट घेऊन उभ्या गाडीकडे बघून फार विचित्र वाटायचं. बायको एकदा सहज म्हणाली, "एवढ्यात स्कूटर आली असती." उत्तर नव्हतं.

एक टिप इथे. क्रँक आणल्यावर त्यातली ऑइलची भोकं स्वतः साफ करा. ग्राइंडिंगवाला धुऊन देतो, पण आडव्या-तिडव्या भोकांच्या आत घासल्याचा बारीक चुरा अडकून राहतो. आम्ही बाटली धुवायच्या बारीक ब्रशने, रॉकेलने आणि शेवटी हवेच्या दाबाने साफ केलं. पहिल्या पुसण्यात फडक्यावर राखाडी रेघ आली. ती आत गेली असती तर नवे बेअरिंग पहिल्या दिवशीच संपले असते.

आणि दुसरी. उस्तादांच्या पोराने प्रेमाने ब्लॉकला हिरवा रंग मारला आणि इंजिन नंबरची पट्टीही रंगवून टाकली. तपासणीत हाच नंबर वाचतात. मी थिनर आणि जुना टूथब्रश घेऊन तासभर बसलो. रंगवण्यापूर्वी पट्टीवर टेप लावा.

बांधणी 6 आणि 7 एप्रिलला. मेनचे नट 70 फूट-पाउंडाला, बिगेंडचे 35 ला, टॉर्क रेंचने. उस्ताद हाताच्या अंदाजाने आवळत होते. काकांनी काही न बोलता रेंच पुढे केला. प्रत्येक टोपी आवळल्यावर क्रँक हाताने फिरवून बघायचा, कुठे जड जातोय का.

7 एप्रिलच्या संध्याकाळी प्लग काढून ठेवले आणि नुसता स्टार्टर मारला. प्लगशिवाय इंजिन हलकं फिरतं, बेअरिंगवर मार बसत नाही, आणि पंपाला ऑइल ओढायला वेळ मिळतो. गेज शून्य. दहा सेकंद, थांबा, दहा सेकंद. शून्य. तिसऱ्यांदाही शून्य. माझ्या पोटात गोळा. शेडमधला एक जण म्हणाला, "स्टार्ट कर दो, आ जाएगा." काका म्हणाले, "हात लावू नका."

पंप कोरडा होता. बसवताना त्यात ऑइल भरलं होतं, पण रात्रभरात ते ओघळून गेलं असणार. कोरडा पंप हवा ओढत राहतो, ऑइल नाही. खरं तर पंप बसवताना त्यात व्हॅसलीन भरायला हवं होतं. ते जागेवर टिकतं आणि ऑइल आल्यावर विरघळून जातं. काकांनी ते सांगितलंही होतं, आम्ही दमलो होतो म्हणून राहिलं. शेवटी गेजचं भोक मोकळं करून ऑइलच्या पिचकारीने त्यातून उलटं ऑइल दाबलं, गॅलरी, म्हणजे ब्लॉकमधली ऑइलची वाट, भरली, ऑइल पंपापर्यंत पोचलं. त्यात अंधार पडला. "उद्या," काका म्हणाले. आईने फोनवर सांगितलं, "उद्या नको. परवा पाडवा आहे."

9 एप्रिलला गुढी उभारून दहा वाजता शेडमध्ये पोचलो. प्लग काढलेलेच. स्टार्टर. सात-आठ सेकंद काटा मेल्यासारखा, मग थरथरला, आणि एकदम 30 वर. प्लग लावले, सुरू केलं. थंड 62.

मे

पहिले 500 किलोमीटर साठच्या पुढे नेली नाही. गरम आकडे 53 आणि 22. बाबांच्या 2009 च्या नोंदीपेक्षा जरा जास्तच, अर्थात नवे बेअरिंग आहेत, थोडे उतरतील.

नोंदणीचा अर्ज परिवहनच्या पोर्टलवर 22 एप्रिलला भरला. फॉर्म 25, विमा, पीयूसी, चेसिस नंबरची पेन्सिलने घेतलेली छाप. छाप घरीच, उजेडात, शांतपणे घ्या. आधी चेसिसवरचा तो भाग तारेच्या ब्रशने साफ करा. 13 मेला इंदूरचं लोकसभेचं मतदान होतं, म्हणून मुद्दाम त्याच्या आधीची, 8 मेची तारीख निवडली. नायता मुंडल्याला आरटीओत सकाळी साडेदहाला गाडी रांगेत उभी केली. तपासणाऱ्या साहेबांनी दिवे, हॉर्न, ब्रेक, टायर पाहिले, इंजिन नंबर वाचला आणि बोटाने पट्टीच्या कडेला राहिलेला हिरवा ठिपका दाखवून विचारलं, "पेंट हुआ है?" मी पावत्यांची फाइल पुढे केली: क्रँक ग्राइंडिंग, बेअरिंग, गॅस्केट. ब्लॉक तोच आहे, नंबर तोच आहे. त्यांनी दोन पानं उलटली आणि सही केली. अर्धा तास. कामाच्या सगळ्या पावत्या जपून ठेवायच्या त्या यासाठी. आरसी वीस दिवसांनी हातात आली, मुदत मे 2029.

एकूण खर्च, त्या पहिल्या 1,850 सकट आणि नोंदणीची फी सोडून, 24 हजारांच्या थोडा वर. त्यातले साडेसात हजार इंजिन काढणं, बांधणं आणि बसवणं. काकांनी एक पैसा घेतला नाही. दर रविवारी पोहे-जिलेबी मात्र मीच न्यायची, तीही शेव वेगळ्या पुडीत.

मागचं मेन बेअरिंग जिथे संपतं तिथून आजही थेंब पडतो. तिथे या इंजिनाला रबरी सील नाही, ऑइल परत ढकलणारे आटे आहेत, आणि गाडी उभी राहिली की ते आटे काही करत नाहीत. त्यासाठी खाली पुठ्ठा.

500 किलोमीटर झाल्यावर, 19 मेला, ऑइल पुन्हा बदललं. जुनं एलिमेंट काकांनी ब्लेडने कापलं आणि कागदाच्या घड्या उन्हात एकेक उलगडून पाहिल्या. तिसऱ्या घडीत दोन चमकदार कण निघाले, मोहरीच्या टरफलापेक्षा लहान. लोहचुंबक फिरवला, चिकटले नाहीत. म्हणजे बेअरिंगचे.

"एवढे सुरुवातीला निघतात," ते म्हणाले आणि कण चिमटीत धरून वहीच्या पानावर सेलोटेपने चिकटवले. खाली तारीख घातली. "पुढचं हजारला काप. आणि मला दाखवल्याशिवाय फेकू नकोस."